न्यू गिनीची मगर-घोरपड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोरपडीवरच्या माझ्या स्लाइड शोमध्ये शेवटचा फोटो न्यू गिनीतल्या एका भल्यामोठ्या नातेवाइकाचा असतो. तोपर्यंत मागच्या रांगेत जांभया देणारी मुलंही तो पाहून पुढे सरकतात आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. गेली काही वर्षं तेच ते प्रश्न ऐकतोय, म्हणून उत्तरं एकदा लिहूनच ठेवतो. बहुतेक प्रश्न अंगकाठीबद्दलचे असतात, त्यामुळे इथेही तिच्याचबद्दल जास्त आहे.

हा प्राणी नक्की कोणता?

शास्त्रीय नाव व्हॅरानस साल्व्हाडोराय. इंग्रजी बोलणारे त्याला क्रोकोडाइल मॉनिटर म्हणतात. मराठीत रुळलेलं नाव नाही, म्हणून मी सोयीसाठी 'मगर-घोरपड' म्हणतो. आपली घोरपड आणि ही, दोघी व्हॅरानस याच प्रजातीतल्या. राहते फक्त न्यू गिनी बेटावर. बेटाचा पूर्वेकडचा भाग पापुआ न्यू गिनी या देशात आणि पश्चिमेकडचा इंडोनेशियात येतो. तिथली सखल पावसाळी जंगलं आणि किनाऱ्यालगतची खारफुटी हे तिचं घर. दिवसाचा मोठा भाग झाडावर जातो.

विल्हेल्म पीटर्स आणि जाकोमो डोरिया यांनी १८७८ मध्ये तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं आणि तोम्मासो साल्व्हाडोरी या इटालियन पक्षितज्ज्ञाचं नाव तिला दिलं.

मगरीशी तिचं काही नातं आहे का?

नाही. मगर सरड्यांपेक्षा पक्ष्यांना जवळची. लांबलचक अंग, वर उठलेलं जाडसर मुस्कट आणि तोंडातले दात बघून कुणालाही मगर आठवेल, नावामागे एवढंच.

ती किती लांब असते?

या प्रश्नाला मी नेहमी उलट प्रश्न विचारतो: लांबी कशाची?

१८७८ च्या वर्णनासाठी वापरलेली मादी घ्या. नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत ती ४८ सेंटीमीटर होती आणि शेपूट होती ११४ सेंटीमीटर. एकूण १६२. घरात सुतळीचा तुकडा असेल तर १६२ सेंटीमीटर कापा, जमिनीवर पसरा आणि एका टोकापासून ४८ सेंटीमीटरवर गाठ मारा. डोकं, मान, छाती, पोट, चारही पाय, सगळं त्या गाठीच्या अलीकडे मावतं. पलीकडचा सगळा भाग शेपूट. सुतळीचा जवळजवळ सत्तर टक्के भाग!

आता आपली घोरपड. चांगली मोठी घोरपड धडाला ७५ आणि शेपटीला १०० सेंटीमीटरपर्यंत जाते, म्हणजे शेपूट धडाच्या सव्वापट ते दीडपट. हिशेब करा: ४८ सेंटीमीटर धडाच्या आपल्या घोरपडीची शेपूट ६४च्या आसपास भरेल आणि एकूण लांबी ११२. धड तेवढंच, पण फितीवर अर्ध्या मीटरचा फरक. कोमोडो ड्रॅगनची शेपूट साधारण धडाएवढीच. शेपूट धडाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त ही मोठ्या घोरपडींमध्ये मगर-घोरपडीचीच खासियत, आणि फोटोवरून तिला ओळखायची पहिली खूणही तीच.

पूर्ण वाढलेली मगर-घोरपड दोन मीटर सहज ओलांडते. अडीच मीटरच्या आसपासच्या नोंदी विश्वासार्ह मानल्या जातात.

मग जगातला सर्वांत लांब सरडा हाच ना? पावणेपाच मीटर असं वाचलं होतं.

विक्रमांच्या पुस्तकांतून ४.७५ मीटर हा आकडा फिरतो खरा. पण तेवढ्या लांबीचा एकही नमुना कुठल्या संग्रहालयात मांडलेला नाही. माझ्यापुरता तो आकडा मी 'ऐकीव' या खणात ठेवतो.

त्यात नावांचाही घोळ आहे. साल्व्हाडोराय ही न्यू गिनीची आणि साल्व्हेटर ही आशियाई पाणघोरपड. दोन-चार अक्षरांचा फरक, पण प्राणी पूर्णपणे वेगळे. श्रीलंकेतल्या कँडीची ३.२१ मीटरची जी प्रसिद्ध नोंद आहे ती पाणघोरपडीची. कोमोडोचा पक्का मोजलेला विक्रम ३.१३ मीटरचा. म्हणजे मोजलेल्या आकड्यांतही मगर-घोरपड पहिली येत नाही. धडाच्या तुलनेत सर्वांत लांब शेपटीचं बक्षीस मात्र मोठ्या घोरपडींमध्ये तिचंच.

वजनात तर तुलनाच नको. जंगलातला मोठा कोमोडो सत्तर किलोच्या घरात जातो. मगर-घोरपड त्याच्यासमोर काडी. पण झाडावर राहायचं तर काडीच असायला हवं. सत्तर किलोचं धूड पेलणारी फांदी असते, पण तिच्या टोकाला पक्ष्याचं घरटं नसतं.

एवढी शेपूट कशाला लागते?

डोंबारणीच्या हातातली काठी आठवा. दोरीवरून चालताना ती जे काम करते तेच ही शेपूट करते. धड फांदीच्या एका बाजूला कललं की शेपूट दुसऱ्या बाजूला जाते. एका फांदीवरून दुसरीवर झेप घेतानाही तोल तीच राखते. शिवाय शेपटीत पकडही आहे. फांदीला वेढा घालून ती आधार घेऊ शकते, पण नुसत्या शेपटीवर माकडासारखं लोंबकळत राहणं काही तिचं नेहमीचं काम नव्हे.

तिसरा उपयोग फटका मारण्याचा. आपली घोरपड कोपऱ्यात सापडली की गळा फुगवते, फुत्कार टाकते आणि शेपटी बाजूला ताणून धरते. त्या ताणलेल्या शेपटीचा तडाखा मी एकदा पोटरीवर खाल्लाय. जीन्स घातली होती तरी वळ दोन दिवस राहिला, आणि ती जेमतेम मीटरभराची होती. दीड मीटरची नुसती शेपूटच असेल तर काय होईल ते मला बघायचं नाही.

शेपूट तुटली तर पालीसारखी परत येते का?

नाही. पाल शेपूट स्वतः टाकते आणि नवी उगवते. घोरपडींच्या कुळात ती सोय नाही. तुटलेला शेंडा बरा होतो, पण तेवढी लांबी कायमची जाते. म्हणून नुसत्या एकूण लांबीवरून वय किंवा आकार ठरवणं धोक्याचं. अभ्यासक धडाची लांबी वेगळी लिहितात ते याच कारणाने.

तिचं तोंड इतकं बोथट का दिसतं?

आपल्या घोरपडीचं डोकं पुढे निमुळतं होत जातं. मगर-घोरपडीचं मुस्कट उलट टोकाशी फुगलेलं, वरून गोलसर उंचवटा आलेलं असतं. आमच्या शोमध्ये एका मुलीने 'हिला गालगुंड झालंय का?' असं विचारलं होतं, फक्त गाठ नाकाशी. या फुगीर नाकामुळे ती इतर सगळ्या घोरपडींपासून लगेच वेगळी ओळखू येते.

आणि दात?

दातांपाशी मात्र मी स्लाइड थांबवतो. बहुतेक घोरपडींचे दात मागे वळलेले असतात, सावज पकडून मागे ओढायला सोयीचे. हिचे दात लांब, बारीक आणि बरेचसे सरळ, सुळ्यांसारखे. धारेला बारीक दाते असतात. भुर्रकन उडून जाऊ शकणाऱ्या सावजाला एका चाव्यात खोल पकडण्यासाठी असे दात कामाचे. पक्षी, अंडी, लहान सस्तन प्राणी, मिळाल्यास मेलेलं जनावर असा तिचा आहार. घोरपडींचे दात आयुष्यभर पडत-येत राहतात, त्यामुळे एखादा मोडला तर तिला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

बंदिस्त प्राण्यांच्या निरीक्षणात आणखी एक गोष्ट दिसलेली आहे: सावजाच्या मागे धावण्याऐवजी ते कुठे पळेल याचा अंदाज घेऊन ती समोरून अडवते. फांदीवर पाठलागाला जागाच नसते, तेव्हा हे शहाणपण पटण्यासारखं आहे.

ती विषारी आहे का?

घोरपडींच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचं ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी २००५ पासून मांडलं. त्या स्रावाचा शिकारीत प्रत्यक्ष किती वाटा, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. नागासारखे विषदंत कुठल्याच घोरपडीला नसतात. पण हिच्या बाबतीत विषाची चर्चा मला थोडी बिनकामाची वाटते. असे दात आत गेले की जखम खोल होते, रक्त भळाभळा वाहतं आणि टाके पडतात, मग विष असो वा नसो.

नखं कशी असतात? ती झाडावरून उतरते कशी?

नखं मोठी, आकड्यासारखी वळलेली, टोकाला अणकुचीदार. मांजराप्रमाणे आत ओढता येत नाहीत, सदा बाहेरच. मागचे पाय सालीत रोवून ती पुढचं अर्धं अंग मोकळं ठेवू शकते, त्यामुळे फांदीखाली डोकं सोडून काहीतरी धरणंही जमतं.

हे कसं असेल याची थोडी कल्पना आपल्या घोरपडीवरून येते. एका गावात दगडी विहिरीत पडलेली घोरपड काढायला गेलो होतो. दोर सोडायच्या आत तीच सांध्यासांध्यांतून वर यायला लागली. प्रत्येक पावलाला नखं दगडावर घासल्याचा खर्रखर्र आवाज, मग पकड बसली की शांतता, मग पुढचं पाऊल. चारांपैकी तीन पाय कायम चिकटलेले. काठाशी आल्यावर मी शेपटीच्या मुळाशी धरलं तर तिने पुढच्या पायांनी दगड असा कवटाळला की दोघांना मिळून सोडवावी लागली.

म्हणजे तानाजींची यशवंती खरी?

हा प्रश्न आला नाही असा एकही शो झालेला नाही. १६७० ची सिंहगडाची लढाई खरी, तानाजी मालुसऱ्यांचं बलिदान खरं. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची गोष्ट मात्र पोवाड्यातून लोकांच्या तोंडी बसली. शरीराच्या बाजूने बघितलं तर घोरपडीची पकड जबरदस्त असते यात शंका नाही, पण सर्वांत भारदस्त घोरपडीचं वजनही सात किलोच्या आसपास. तिच्या नखांवर हत्यारबंद माणसाचा भार टाकणं मला पटत नाही. दोर कमरेला बांधून ती वर सोडली तर ती आपल्याला हव्या त्या दगडाला धरेल याचीही खात्री कोण देणार? न्यू गिनीची मगर-घोरपड यासाठी वापरता आली असती का, असंही एकाने विचारलं होतं. त्याला म्हटलं, आधी तिला दोर बांधून दाखव.

रंग कसा असतो?

काळपट किंवा गडद हिरवी पाठ, त्यावर पिवळसर ठिपके आणि कड्यांसारखी नक्षी. शेपटीवर काळे-पिवळे पट्टे. पिल्लांमध्ये हे सगळं जास्त ठसठशीत. पानांतून उन्हाचे कवडसे पडणाऱ्या जंगलात एवढा मोठा प्राणी दिसेनासा होतो तो या ठिपक्यांमुळे.

कातडं हाताला कसं लागतं?

मगर-घोरपडीला मी हात लावलेला नाही, आपल्या घोरपडीवरून सांगतो. सापाचे खवले कौलांसारखे एकावर एक असतात. घोरपडीचे तसे नसतात. बारीक मण्यांची जाळी शेजारी-शेजारी शिवल्यासारखं कातडं लागतं. गुळगुळीत नाही आणि बुळबुळीत तर अजिबात नाही. कोरडं, चिवट, आणि मानेपाशी सैल.

पातळ पण चिवट हा गुण या प्राण्यांच्या मुळावर आला. न्यू गिनीत कुंडू नावाचा डमरूच्या घाटाचा हातढोल असतो, त्यावर घोरपडीचं कातडं चढवतात. इकडे गोव्यात घुमटावरही परंपरेने घोरपडीचंच कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद झालं आणि आता बकरीचं कातडं वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेही या बदललेल्या घुमटाला. जुने वादक नाद बदलला म्हणून हळहळतात. त्यांचा कान खोटा म्हणवत नाही, पण घोरपड परत आणून बसवावी असंही मला वाटत नाही.

नर आणि मादी ओळखता येतात का?

नुसतं बघून खात्रीने नाही. सरड्या-सापांच्या नरांचं लिंग जोडीचं असतं आणि एरवी शेपटीच्या मुळाशी आत दडलेलं राहतं. त्यामुळे मुळाचा भाग नरात थोडा जाड वाटू शकतो, पण जाणकारही यात फसतात.

हे सांगायचं आणखी एक कारण आहे. बाजारात आणि ऑनलाइन 'हत्था जोडी' नावाने, दुर्मिळ वनस्पतीचं मूळ म्हणून जे विकलं जातं, ते अनेकदा आपल्या घोरपडीचं वाळवलेलं जोडलिंग असतं. तिजोरीत ठेवलं की पैसा येतो म्हणे. प्रत्यक्षात येतो तो वनखात्याचा माणूस.

जीभ सारखी बाहेर का काढते?

वास घ्यायला. दुभंगलेल्या जिभेची दोन टोकं हवेतले कण गोळा करतात आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवतात. उजव्या टोकाला वास जास्त लागला तर सावज उजवीकडे, इतका साधा हिशेब. आपल्या घोरपडीचीही हीच पद्धत.

घोरपडीला तिसरा डोळा असतो हे खरं का?

आहे, पण शंकरासारखा उघडत नाही. डोक्याच्या वरच्या बाजूला मधोमध एका खवल्याखाली प्रकाश ओळखणारा छोटा अवयव असतो. चित्र दिसत नाही, उजेड-अंधार कळतो. उत्तर अमेरिकेत सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी राहणाऱ्या सानिवा या घोरपडीच्या प्राचीन नातेवाइकाला असे दोन अवयव, म्हणजे एकूण चार डोळे होते, असं २०१८ मध्ये जीवाश्मांवरून दाखवण्यात आलं. मुलांना हे सांगितलं की पुढची पाच मिनिटं बाकी काही ऐकू येत नाही.

एवढी धावपळ करून तिला दम लागत नाही?

बहुतेक सरड्यांची पंचाईत अशी, की धावताना अंग डावी-उजवीकडे वळतं आणि तेच स्नायू श्वासालाही लागतात. म्हणून ते थोडं पळतात, थांबतात, श्वास घेतात. घोरपडींनी यावर उपाय काढलाय: गळा भात्यासारखा हलवून हवा फुप्फुसात ढकलायची. आफ्रिकेतल्या सव्हाना घोरपडीवर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झालं. हृदयाला कप्पे तीनच, पण शुद्ध-अशुद्ध रक्त वेगळं राखण्यात ते इतर सरड्यांपेक्षा पुढे.

पिल्लू केवढं असतं?

अंड्यातून बाहेर पडतानाच सुमारे ४५ सेंटीमीटर, म्हणजे शाळेतल्या फुटपट्टीच्या दीडपट. त्यातही अर्थात बहुतांश शेपूट. मादी एका वेळी साधारण चार ते बारा अंडी घालते.

झाडावर राहणाऱ्या मोठ्या घोरपडी आणखी आहेत?

आहेत. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडची लेस मॉनिटर दोन मीटरपर्यंत जाते आणि वाळवीच्या वारुळात अंडी घालते. फिलिपिन्सची बुटान चक्क फळं खाते. तिचीच जवळची आणि तशीच फळं खाणारी बिटाटावा, दोन मीटर लांब, लुझॉनच्या जंगलात स्थानिक लोकांच्या रोजच्या ओळखीची, शास्त्रज्ञांच्या यादीत मात्र २०१० साली आली. दोन मीटरचा प्राणी झाडावर किती बेमालूम लपतो याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

ती दोन पायांवर चालते, आग ओकते असं ऐकलं...

पापुआ न्यू गिनीत 'आर्ट्रेलिया' नावाच्या प्राण्याच्या अशा गोष्टी सांगितल्या जातात: झाडावर चढतो, उभा चालतो, आग ओकतो, माणसं मारतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या ऑपरेशन ड्रेक या मोहिमेत जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल आणि मंडळींनी त्याचा शोध घेतला, तेव्हा तो प्राणी म्हणजे ही मगर-घोरपडच निघाली. गोष्टीतला काही भाग अंगकाठीवरून समजतो. घोरपडी मागच्या पायांवर आणि शेपटीवर भार देऊन उभ्या राहतात, आजूबाजूला बघायला किंवा झुंजताना. लवलवणारी जीभ लांबून ज्वाळेसारखी वाटली असेल. माणसं मारण्याचं मात्र काही जुळत नाही.

कोकणात अशी घोरपड सापडल्याचा फोटो फिरतोय. खरा आहे का?

दर पावसाळ्यात फिरतो. भारतात चार घोरपडी आहेत: आपली नेहमीची, पाणघोरपड, पिवळी आणि वाळवंटी. चौघींनाही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ चं संरक्षण आहे. कोकणात दिसते ती नेहमीची. फोटोतल्या प्राण्याची शेपूट धडाच्या दुप्पट नसेल तर ती मगर-घोरपड नव्हे. शेपूट खरंच तेवढी असेल, तर फोटो न्यू गिनीतला किंवा एखाद्या परदेशी प्राणिसंग्रहालयातला. आणि माणसाने काठीवर टांगून कॅमेऱ्याच्या अगदी पुढे धरलेला प्राणी कधीही मोजू नका. असा धरला तर उंदीरही रेडकाएवढा दिसतो.

पाळता येईल का?

साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये तिचं नाव आहे, त्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचं बंधन आहे. भारतात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते. पण कागद बाजूला ठेवू. दोन बीएचकेतल्या हॉलमध्ये अडीच मीटरचा, पडद्यावर चढणारा, सुळ्यांसारख्या दातांचा प्राणी ठेवायचा, आणि त्याच्यासाठी फ्रीजमध्ये उंदीर! विचारणारा मुलगा यावर थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'आईला फ्रीजचं सांगायचंच नाही.'